जाहीर पाठिंब्याचा हिवाळा

दर चार वर्षांनी जानेवारी उजाडला की मुलीच्या फोनमध्ये एक शब्द हमखास यायला लागतो, एन्डॉर्समेंट. मीरा गेली पंचवीस वर्षं अमेरिकेत आहे. तिथली राष्ट्राध्यक्षपदाची खरी निवडणूक नोव्हेंबरात, पण त्याआधी प्रत्येक पक्षाला आपला एक उमेदवार ठरवावा लागतो, आणि त्या ठरवण्याचा गोंधळ सहा महिने चालतो. कुठल्या गव्हर्नरने कुणाला जाहीर पाठिंबा दिला, कुठल्या वर्तमानपत्राने कुणाच्या पारड्यात वजन टाकलं, कोण अजून गुळणी धरून बसलंय, हे सगळं ती मला रंगवून सांगते. गेल्या रविवारी म्हणाली, "बाबा, आमच्या गल्लीतल्या रिटायर्ड जजने काल एकाला एन्डॉर्स केलं, आणि आज चार घरांनी अंगणातल्या उमेदवाराच्या पाट्या बदलल्या." मी म्हटलं, "जजसाहेब स्वतः मत कुणाला देणार आहेत ते विचारलंस का?" ती हसली. "यू आर सो सिनिकल, बाबा." मी विषय बदलून तिच्याकडच्या बर्फाची चौकशी केली.

टीव्हीवर कधी कधी त्यांच्या एखाद्या राज्यातली जुनी पद्धत दाखवतात. शाळेच्या हॉलमध्ये माणसं जमतात. चिठ्ठी नाही, पेटी नाही. ज्याला जो उमेदवार हवा त्याच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं. शेजाऱ्याच्या देखत, वरिष्ठांच्या देखत, बायकोच्या देखत. निवेदिका या उघडेपणाचं फार कौतुक करत असते. मला मात्र ते फार वेळ बघवत नाही, मी उठून चहा टाकतो. मीही एकदा असा कोपऱ्यात गेलेलो आहे. तो हॉल नव्हता, रियाधच्या मलाझ भागातल्या बापटांचा दिवाणखाना होता, आणि कोपरे दोनच होते, एक खिडकीकडचा आणि एक फ्रीजकडचा.

रियाधला हिवाळा असतो हे पुण्यात कुणाला पटत नाही. असतो, आणि चांगला कडक असतो. सकाळी गाडीची काच गार पडलेली, दुपारी उन्हात बसावंसं वाटणारी हवा, आणि सावलीत पाऊल टाकलं की लगेच स्वेटर आठवणारी. ओठ फुटतात, पांघरुणाला हात लावला की बारीक चटका बसतो. भट्टीवरून आणलेला गरम खुब्ज, म्हणजे तिथली रोटी, घरी पोचेपर्यंत कागदात वाफ धरून राहतो. गव्हाचं पीठ उत्तरेतल्या हाइलकडचं मिळालं तर बायका एकमेकींना फोन करून सांगायच्या, पोळ्या मऊ होतात म्हणून. त्या हिवाळ्यात हे सगळं नेहमीसारखंच होतं. फक्त रिंगरोडवरून वाळूच्या रंगाच्या लष्करी गाड्यांची रांग जायला लागली की ऑफिसला जाणारी आमची गाडी वीस वीस मिनिटं कडेला उभी राहायची. १९९०च्या ऑगस्टमध्ये इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या होत्या. डिसेंबर आला तरी युद्ध होणार की नाही यावर आमच्यात रोज दोन तट पडत होते.

मी एका बँकेच्या कॉम्प्युटर विभागात होतो. बायको सुनंदा आणि मीरा बरोबर होत्या. मीरा भारतीय शाळेत दहावीत होती, दिल्लीच्या बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये. शाळेचं व्यवस्थापन पालकांतून निवडलेली एक समिती बघायची, आणि तिचा अध्यक्ष निवडायची वेळ नेमकी त्याच हिवाळ्यात आली. आमच्यात एक रीत होती. मल्याळी, तेलुगू, उत्तरेकडचे, मराठी, प्रत्येकाने आधी आपापल्यात बसून एकच नाव ठरवायचं, म्हणजे मतं फुटायची नाहीत. मीरा ज्याला प्रायमरी म्हणते तीच ही. फरक इतकाच की आम्हाला सभा म्हणून कुठे जमता येत नव्हतं. मंडळ, बैठक, निवडणूक असे शब्द त्या देशात मोठ्याने उच्चारायचे नसत. म्हणून आमची प्रत्येक सभा कुणाचा तरी वाढदिवस असायची. दिवाणखाना मोठा म्हणून बहुतेक वेळा बापटांकडे, आणि म्हणून बापटांच्या धाकट्या चिऊचा वाढदिवस त्या वर्षी तीन वेळा झाला. केक खरोखरचा असे, त्यावर नाव असे, मेणबत्त्या फुंकल्या जात. तिसऱ्या खेपेला चिऊने आईला विचारलं होतं, आता मी किती वर्षांची? बायका आतल्या खोलीत दार अर्धवट लोटून बसायच्या, पुरुष बाहेर. हात वर करायचे नाहीत, कागद फिरवायचा नाही. एकेकाने चहाचा कप घेऊन उभं राहायचं, आपला पाठिंबा कुणाला आणि का ते दोन वाक्यांत सांगायचं आणि त्या माणसाच्या बाजूला जाऊन बसायचं. लिहून काहीच राहत नसे, त्यामुळे बोललेल्या शब्दाला भलतंच वजन यायचं. आणि त्यातही पहिले दोन-तीन कोण उठतात याला.

त्या खेपेला दोन नावं होती. बापट एका मोठ्या कंत्राटदाराकडे सिव्हिल इंजिनियर. आवाज खणखणीत, बोलायला लागले की समोरच्याला आपण सैन्यात असल्यासारखं वाटावं. त्यांचं म्हणणं, शाळा चालू राहील, परीक्षेचं केंद्र रियाधमध्येच राहील, आणि मुलांना घाबरवून वर्षाच्या मधे उठवून नेणं हा मूर्खपणा आहे. दुसरे हमीदभाई परकार, दाभोळच्या खाडीकडचे, बथ्याच्या बाजारात त्यांचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान. आधीच्या समितीत सहा वर्षं होते. बोलणं हळू, वाक्य संपेपर्यंत दुसऱ्याने मधे बोलावं असं. त्यांचा मेहुणा कुवेतला होता. ऑगस्टमध्ये त्याला आणायला हमीदभाई गाडी घेऊन खफजीपर्यंत गेले होते आणि सीमेवरून येणारी माणसं त्यांनी स्वतः पाहिली होती. पायात दोन वेगळ्या चपला घातलेला एक शाळामास्तर त्यांना भेटला होता, त्याबद्दल ते पुन्हा पुन्हा सांगायचे. त्यांचं म्हणणं साधं होतं. दहावी-बारावीच्या मुलांना भारतातलं केंद्र मिळावं म्हणून शाळेने सगळ्यांचे मिळून अर्ज आत्ताच दिल्लीला पाठवावेत, आणि ज्यांना एक्झिट-रीएंट्री, म्हणजे जाऊन परत यायचा परवाना, मिळतेय त्यांनी बायकामुलं डिसेंबरातच घरी पोचवावीत. लोक म्हणायचे, हमीदभाई खफजीहून भीती घेऊन आलेत.

माझं वजन का होतं, तर बँकेत आमच्या विभागाशेजारी बातम्यांचं टेलेक्स मशीन होतं. दिवसभर त्यातून कागद खाली पडत असायचा. मी ते जाता-येता वाचायचो आणि संध्याकाळी दोघा-चौघांना काहीबाही सांगायचो. त्यातून "दातारांना आतली खबर असते" अशी माझी ख्याती झाली होती. मी ती कधी खोडून काढली नाही. गोड लागत होती. आतली खबर वगैरे काही नव्हती, पण कागद वाचून एवढं कळत होतं की जानेवारीच्या मध्यानंतर काहीही होऊ शकतं.

आणि म्हणून नोव्हेंबरातच मी हमीदभाईंच्या दुकानात गेलो होतो. केंद्र बदलून मिळायचा वैयक्तिक अर्जही करता येतो हे त्यांना ठाऊक होतं. काउंटरवरचे फॅनबेल्ट बाजूला सारून त्यांनी मीराचा अर्ज स्वतःच्या हाताने भरला, पुण्याचं केंद्र लिहिलं, आणि म्हणाले, "साहेब, हे सगळ्यांनी केलं पायजे. तुम्ही सांगितलंत तर ऐकतील. माझं नाय ऐकत." मी म्हटलं, "बघू, सांगतो." त्याच आठवड्यात मी सुनंदा आणि मीराची मुंबईची तिकिटं बुक केली. ती वेटिंग लिस्टवर होती.

बापटांचा फोन आला तो बुधवारी, ऑफिसात. "दातार, शुक्रवारी चिऊचा वाढदिवस. तुम्ही पहिले उठा. तुम्ही बोललात की बाकीचे येतात." त्यांच्या ऑफिसचं आणि आमच्या बँकेचं मोठं काम चालू होतं, माझे साहेब आणि ते एकमेकांना ओळखत होते. शिवाय त्याच आठवड्यात आमच्या बँकेने कागद फिरवला होता की कर्मचाऱ्यांनी अफवा पसरवू नयेत. ही सगळी कारणं मी तेव्हा स्वतःला दिली. बापटांना मी म्हटलं, "येतो."

शुक्रवारी जुम्म्याची नमाज आणि जेवणं आटोपल्यावर आम्ही जमलो. तीसेक माणसं असतील. केक कापला, चिऊने मेणबत्त्या फुंकल्या, बायका आत गेल्या. बापट खिडकीशी, हमीदभाई फ्रीजशी. खिडकीतून ऊन आत आलेलं आणि गालिच्यावर केकचे कण. मी कप घेऊन उठलो. मला अजून स्पष्ट आठवतं की बशी मी खाली ठेवली होती, कारण ती वाजेल अशी भीती वाटली. मी म्हणालो, "माझा जाहीर पाठिंबा बापटांना. युद्धाबिद्धाचं मी रोज टेलेक्सवर वाचतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. माझी मुलगी याच शाळेतून, याच शहरात परीक्षेला बसणार." शेवटचं वाक्य मला कुणी सांगायला सांगितलं नव्हतं. पण तशी पद्धत होती, पाठिंब्याबरोबर आपण स्वतः काय करणार तेही सांगायचं, त्याने बोलणं वजनदार होतं. मी जाऊन खिडकीशी बसलो.

हमीदभाईंकडे मी पाहिलं ते नको असताना. ते चहात साखर ढवळत होते. माझ्या मुलीचा अर्ज त्यांच्या हस्ताक्षरात दिल्लीला जाऊन तीन आठवडे झाले होते. एक वाक्य बोलले असते तर मी त्या गालिच्यावर गडप झालो असतो. त्यांनी ढवळणं थांबवलं. चमचा बशीत ठेवला आणि पुढच्या माणसाकडे बघू लागले.

माझ्यामागून लगेच शिंदे उठले. साताऱ्याचे, एका हॉस्पिटलात एक्स-रे टेक्निशियन. आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहायचे. त्यांची अलका आणि आमची मीरा एकाच वर्गात, एकाच बसमध्ये, एकाच डब्यातून खाणाऱ्या. अलका वर्गात पहिली यायची, तिला डॉक्टर व्हायचं होतं. शिंदे सभेत कधी बोलत नसत. त्या दिवशी म्हणाले, "दातारसाहेब त्यांची मुलगी ठेवणार असतील तर आमची पण राहील." आणि माझ्या शेजारी येऊन बसले. त्यांचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागला, त्यांनी "सॉरी" म्हटलं. नंतर खिडकीकडची बाजू भरतच गेली. फ्रीजजवळ शेवटी पाच-सहा माणसं उरली. आमच्याकडून बापटांचं नाव गेलं, आणि अध्यक्षही तेच झाले.

परतताना गाडीत मीरा मागच्या सीटवर वॉकमन लावून बसली होती. अर्ध्या लोटलेल्या दारातून सुनंदाने सगळं ऐकलं होतं. सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाली, "मग आता तिकिटं रद्द करायची का?"

"तसं नाही गं. ते तिथे बोलायचं असतं."

"आणि आम्हाला काय सांगितलंत ते?"

"ते खरं."

सिग्नल सुटला.

शिंद्यांच्या कफीलने, म्हणजे ज्याच्या व्हिसावर ते होते त्या मालकाने, त्याच आठवड्यात त्यांना विचारलं होतं, बायको-मुलीची एक्झिट-रीएंट्री काढू का, नंतर अवघड होईल. शिंद्यांनी नको सांगितलं. हे मला जिन्यात त्यांनीच सांगितलं, हसत हसत, जणू आपण दोघांनी मिळून एक शहाणपणाची गोष्ट केली. मी मान हलवली. तेव्हा बोलता आलं असतं. जिन्यात आम्ही दोघंच होतो, खाली कुणाच्या घरी फोडणी पडली होती, मला जेवायला उशीर होत होता. माणूस कुठल्या क्षणी काय करायचं टाळतो हे इतकं बारीक आठवू नये, पण आठवतं.

एक गोष्ट मी पुष्कळ वर्षं कुणाला सांगितली नाही. हमीदभाईंचं नाव आलं असतं तर सगळेच तिकिटांच्या मागे लागले असते, आणि आमची वेटिंग लिस्टवरची तिकिटं तशीच राहिली असती. उभा राहिलो तेव्हा हे माझ्या मनात नव्हतं असं मला वाटतं. नंतर मात्र ते मनात आलं, आणि आधी नव्हतंच अशी शपथ मला घेता येत नाही.

तिकिटं डिसेंबरच्या शेवटी कन्फर्म झाली. जायच्या दिवशी दुपारी अलका भूमितीची वही परत द्यायला वर आली. दार मीराने उघडलं. मागे हॉलमध्ये दोन सुटकेसी, दोरी बांधलेल्या. अलका सुटकेसींकडे बघत म्हणाली, "व्हेकेशन?" मीराने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "आजीची तब्येत बरी नाही." माझी आई तेव्हा पर्वती चढून येत होती.

जानेवारीच्या मध्यावर युद्ध सुरू झालं. शाळा बंद, विमानं बंद, आणि काही दिवसांत रियाधवर क्षेपणास्त्रं यायला लागली. आमच्या शहरातल्या लोकांनी नवीनच कामं शिकून घेतली. खिडक्यांना चिकटपट्टी लावायची, आतल्या एका खोलीला प्लॅस्टिक मारायचं, दाराखाली ओला टॉवेल घालायचा. विषारी वायूची भीती होती. बँकेने गॅस मास्क वाटले ते इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, जितकी नावं असतील तितके. माझ्या घराला तीन मिळाले, प्रत्येकावर नावाची चिठ्ठी, कारण बँकेच्या कागदांवर आम्ही तिघंही रियाधमध्येच होतो. हॉस्पिटलने शिंद्यांना एकच दिला होता, त्यांचा.

वत्सलावहिनी, म्हणजे शिंद्यांची बायको, पहिल्याच सायरननंतर वर आल्या. "भावोजी, एकटं काय बसायचं वर? खालीच येत जावा. जेवायला पण." मी दोन मास्क घेऊन खाली गेलो. सुनंदाचा वहिनींना बसला. मीराचा अलकाला. चिठ्ठी गोंदाने इतकी पक्की चिकटवली होती की निघत नव्हती, म्हणून पुढचे पाच आठवडे अलकाने कपाळावर मीराचं नाव घेऊन सायरन ऐकले.

एका संध्याकाळी जेवायला बसणार इतक्यात भोंगा वाजला. शिंदे ड्यूटीवर होते. आम्ही तिघं त्या खोलीत, प्लॅस्टिकमागे, पलंगाच्या कडेला. लांब कुठेतरी दोन धमाके झाले, काचा थरथरल्या. अलकाच्या मांडीवर भूमितीची वही होती आणि ती मास्कच्या गोल काचांतून वहीकडे बघत होती, पान मात्र उलटत नव्हती. ऑल क्लिअरचा भोंगा झाला तेव्हा तिने मास्क वर केला. केस चिकटले होते, गालांवर रबराचे वळ. ती म्हणाली, "काका, यू न्यू, ना? तुम्हाला माहीत होतं."

वहिनी टॉवेल उचलायला वाकल्या होत्या, तशाच थांबल्या.

मी म्हटलं, "हो."

"मग असं का सांगितलं?"

बापट, बँक, टेलेक्स, सगळं एकदम आठवलं आणि त्यातलं काहीही पंधरा वर्षांच्या मुलीसमोर बोलता येण्यासारखं नव्हतं. वहिनींनी टॉवेल पिळून बादलीत टाकला. "अलके, हात धू," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "भावोजी, भाकरी घेताय का चपाती?" मला तेव्हा फार लाज वाटली. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर मी ते हातात घेऊन तरी बसलो असतो. त्यांनी भाकरी वाढली, वर तूप घातलं, आणि ती मी खाल्ली.

बापटांबद्दल एक सांगायला हवं. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच वाटत होतं की काही होणार नाही, आणि चिऊसकट अख्खं घर त्यांनी शेवटपर्यंत रियाधमध्ये ठेवलं. सायरन चालू असताना गाडी काढून परीक्षा केंद्राच्या कामाची कागदपत्रं घेऊन फिरले. त्यांचा अंदाज चुकला. माझा अंदाज बरोबर होता.

फेब्रुवारी सरता सरता युद्ध संपलं. कुवेतच्या जळत्या तेलविहिरींचा धूर वारा फिरला की आमच्याकडेही यायचा आणि दोरीवरचे कपडे करडे व्हायचे. परीक्षा उशिरा का होईना, झाली. मीराला पुण्यात चांगले गुण पडले. अलकाला तिच्यापेक्षा पुष्कळ कमी. आधी नेहमी उलटं असायचं. सायन्सला प्रवेश मिळण्याइतके होते, पण आता वर्गच नव्हता. निम्मी मुलं भारतात गेलेली, परतायला कुणी तयार नाही, आणि पुरेशी मुलं नसतील तर अकरावी सायन्स उघडणार नाही असं शाळेने सांगून टाकलं. तसं झालं असतं तर अलकाला साताऱ्याला काकांकडे एकटीने जाऊन राहावं लागलं असतं, किंवा सायन्स सोडावं लागलं असतं.

अध्यक्षपदावरून बापट बाजूला झाले आणि हमीदभाई पुन्हा उभे राहिले. मी दुकानात गेलो. काउंटर तोच, ते कुणाच्या तरी गाडीचा फिल्टर शोधत होते. मी म्हटलं, "हमीदभाई, या खेपेला पहिला मी उठतो. तुमच्यासाठी."

"नको साहेब," ते म्हणाले. रागाने नाही. "तुम्ही उठलात तर आहेत ती माणसं पण विचारात पडतील."

मी काउंटरच्या कडेला बोट फिरवत राहिलो. म्हटलं, "त्या दिवशी तुम्हाला बोलता आलं असतं. अर्जाबद्दल."

"अर्ज पोरीचा होता. दिल्लीहून जवाब यायचा होता. मधे पोरगीला कशाला ओढायची." फिल्टर सापडला, तो त्यांनी फुंकून साफ केला. "पाठिंबा द्यायचाच तर बोलू नका. मीराला परत आणा. तुमची मुलगी वर्गात बसलेली दिसली की चार घरं आणतील. शिंद्यांच्या पोरीचं पण भागेल."

त्याच संध्याकाळी मी पुण्याला फोन लावला. लाइन मिळायला अर्धा तास गेला. मी सुनंदाला सगळं नीट सांगितलं. विमानं सुरू झालीत, दुकानं भरलीत, खिडक्या उघड्या ठेवून झोपतो, रियाध पूर्वीसारखं झालंय, अजिबात धोका नाही, मीराला घेऊन ये. यातला शब्द न् शब्द खरा होता. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "एक विचारू? हे तुम्ही मला सांगताय तसं सांगताय, की शिंद्यांना सांगितलंत तसं?"

"तुला सांगतोय तसं."

"त्या दिवशी शिंद्यांनाही तसंच वाटलं असेल," ती म्हणाली, आणि मीराला क्लासला सोडायचंय म्हणून फोन ठेवला.

नंतरचे दोन महिने मी दर शुक्रवारी फोन करत होतो, ती दर शुक्रवारी बघू म्हणत होती. ऑगस्टच्या शेवटी त्या दोघी आल्या. विमानतळावर सामानाची गाडी मी ढकलत होतो, मीरा पुढे पळत गेली होती, कारण दारापाशी वत्सलावहिनी आणि अलका उभ्या होत्या. मी सुनंदाला विचारलं, शेवटी कसं काय ठरवलंस. तिने पर्समधून निळं एरोग्राम काढून दिलं. अलकाने मीराला लिहिलं होतं, इंग्रजीत, तीन ओळी. मी इथेच आहे. ठीक आहे. ये.

"ती स्वतः इथे राहून लिहीत होती," सुनंदा म्हणाली. "म्हणून आले."